सुतळीच्या दोन टोकांना आम्ही दोघं

टाळ वाजत होते आणि आमच्या यांना ते ऐकू येत नव्हते. हे मला आधी कळलं, यांना मागून. आणि कळल्यावर कबूल करायला त्यांनी अख्खा पावसाळा घालवला. तसा माणूस लाखात एक, पण हट्ट असा की देवानं हात टेकावेत.

परभणीत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग बदलायची, पेटीचे बेसूर रीड घासूनपुसून सुरात आणायचे, लग्नाकार्याला भोंगा भाड्यानं द्यायचा, असा आमचा धंदा. राज्य निजामाचं. दुकानाच्या पाटीवर वर उर्दू, खाली मराठी. उर्दू अक्षरं रंगाऱ्यानं इतकी देखणी काढली होती की लोक पाटी बघायला थांबायचे, आत मात्र यायचे नाहीत. हे त्यावर हसायचे. मला नाही हसू यायचं, चूल मला पेटवायची होती.

हैदराबादचा एक हौशी साहेब परभणीत नोकरीला होता. त्याची बदली झाली. त्याचा ग्रामोफोन दुरुस्त करायला म्हणून हे गेले, ते संध्याकाळी बैलगाडीत एक ट्रंकेएवढं मशीन घालून घरी आले.

"हे काय आणलंय?" मी विचारलं.

"आवाज धरून ठिवायचं मशीन हाय. साहेबानं दिलं. म्हणाला, इतका बोजा कुठं नेऊ."

"घरात आवाज कमी हाय का?" मी म्हणाले. सासू होती तेव्हा, दोन दीर होते, आणि मी होते. पण यांचं लक्ष कुठं होतं माझ्याकडं! मशीनवरून हात फिरवत बसले होते, नवी म्हैस आणल्यासारखे.

ते मशीन आता कुणी बघितलेलं नसेल, म्हणून सांगते. काळी, गुळगुळीत, कोरी तबकडी त्याच्यावर फिरायची. समोर एक माईक, वीज मोटारीच्या बॅटरीची. माईकमध्ये आवाज गेला की सुई थरथरायची आणि तबकडीवर बारीक रेघ कापत जायची. कापताना केसासारखा काळा दोरा निघायचा, तो कुंचल्यानं गोळा करत राहावं लागायचं. तो दोरा इतका जळका की ठिणगी पडली तर भडका. म्हणून बिडीवाल्यांना मी आधीच दम भरून ठेवायची. तबकडी एकाच बाजूनं कापता यायची, चार-साडेचार मिनिटं. एकदा कापलं ते कापलं. पुसायचं नाही, गिरवायचं नाही.

गावोगावचे लोक भजन धरून ठेवायला यांना बोलवायचे, पण खरी गोम आवाजाच्या मापात होती. आवाज मोठा आला की सुई रेघ सोडून शेजारच्या रेघेत घुसायची, आणि तबकडी वाजवताना माणूस एकच शब्द दहादा म्हणायचा. आवाज बारका आला तर गाणं राहायचं बाजूला आणि नुसती खरखर ऐकू यायची, कढईत काहीतरी तळायलेत अशी. मशीनवर एक काटा होता, आवाज किती आहे ते दाखवणारा. पण काटा सगळ्यांचा मिळून आवाज दाखवतो. बुवांचा किती, पखवाजाचा किती, हे त्याला काय माहीत! आणि टाळांचं तर त्याला काहीच पडलेलं नसायचं. टाळ कितीही किणकिणले तरी काटा आपला सुस्त पडून. ते ओळखायला माणसाचा कानच लागायचा.

माईक एक आणि माणसं पाच-सहा, म्हणून कुणाला कुठं बसवायचं यातच सगळी विद्या. हे तासभर आधी जाऊन नुसते हिंडायचे. टाळी वाजवून बघायचे. दगडी भिंत असली की आवाज उलटा येतो, म्हणून यजमानाच्या घरातल्या वाकळा मागून भिंतीला टांगायचे. कापसाच्या दिवसांत तर कापसाचे गठ्ठेच मागं रचायचे. मग खडूनं जमिनीवर खुणा करायचे. गाणारा माईकपासून दीड हात. पेटी तीन हात, तीही तोंड फिरवून. पखवाज पाच हात. टाळकरी सगळ्यांच्या मागं, दारापाशी. टाळकऱ्यांना ते आवडायचं नाही. "आमी काय विटाळशी हाव का, बाहेर बसवायलाव?" असं एकानं तोंडावर विचारलं होतं.

या धंद्यात मी शिरले ती कणकेमुळं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. ती किती थापली यावर तो किती घुमणार ते ठरतं. पालमकडच्या एका गावात भजन होतं. घरधनिणीकडं कणीक मागितली. गहू कुठला रोजच्या घरात! तो सणावाराला. तिनं आपली ज्वारीचं पीठ मळून छान गोळा आणून दिला. पखवाजवाल्यानंही मुकाट्यानं थापला. ज्वारीला कसला आलाय चिकटपणा? बुवा रंगात आले, हात जोरात पडला, आणि तो गोळा सुटून वाजवणाऱ्याच्या मांडीवर! पखवाज ठणठण करायला लागला, काटा उडाला, तबकडी गेली कामातून. हे डोक्याला हात लावून बसले. घरधनीण मात्र ठसक्यात म्हणाली, "आमच्या पिठाला आजवर कुणी नाव ठिवलं न्हाई." तेव्हापासून गव्हाची कणीक डब्यात घालून मी स्वतः बरोबर जायला लागले.

आता टाळांचं सांगते. श्रावणात देवळात भजन होतं. वीसेक टाळकरी, कानठळ्या बसल्या माझ्या. घरी येताना हे म्हणाले, "आज टाळकऱ्यांना काय झालतं? नुसते हात हालवायलते."

मला वाटलं थट्टा करायलेत. तोंडाकडं बघितलं तर थट्टा नव्हती. सकाळी हे दुकानात पाठमोरे बसले होते, तेव्हा देवघरातली घंटी घेऊन मागं उभी राहिले आणि वाजवली. मान हलली नाही. आणखी जवळ जाऊन वाजवली. नाहीच. मग दुसऱ्या हातातलं पातेलं खाली सोडलं, तर दचकून उठले आणि माझ्यावरच ओरडले, "डोळे फुटले का?" मी म्हणाले, "माझे डोळे धड हायेत. तुमच्या कानांचं बगा."

त्यावरून जे भांडण झालं ते पावसाळा सरेपर्यंत चाललं. आदल्या वर्षी यांना हिवताप झाला होता, कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या मुठीनं खाल्ल्या होत्या. हकीम म्हणाला, त्या गोळ्यांची गर्मी कानात उतरली, आता निघायची नाही. बोललेलं कळायचं, पखवाज कळायचा, पेटीचे खालचे सूर कळायचे. वरचं, बारीक, ते सगळं गेलं होतं. एके दिवशी जेवता जेवता हात थांबवून हे म्हणाले, "कुणाला सांगू नको. आंधळ्याकडं कुणी सोनं पारखायला देतं का? कान गेला म्हणलं की पेटी कोण टाकंल आपल्याकडं? अन् हे मशीन?" मशीनचं नाव घेताना नजर तिकडंच गेली त्यांची. पोटाची काळजी होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. आवाज ओळखणारा माणूस म्हणून जिल्ह्यात नाव होतं त्यांचं, आणि ते नाव म्हणजेच ते स्वतः होते. ते गेलं असतं तर हा माणूस खचला असता. हे मला त्या ताटावर कळलं आणि माझं भांडण तिथंच मिटलं.

युक्ती माझी. सुतळीचं एक टोक यांच्या डाव्या मनगटाला, सदऱ्याच्या बाहीत. सुतळी जाजमाखालून सरळ बायकांच्या बाजूला, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्यामागं. दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे आवाज कमी करा. दोन हिसके, वाढवा. तीन म्हणजे टाळ मागं सारा. आणि हळूच लांब ओढलं तर झकास, असंच राहू द्या. घरी आम्ही महिनाभर तालीम केली. हे दुकानात, मी चुलीपाशी, मधे सुतळी. शेजारणीनं ती बघितली आणि गल्लीत सांगत सुटली, "नवऱ्याला दोरी बांधून नाचवायलीय." बांधली तर बांधली! तिचा नवरा दोरीशिवायच नाचायचा, साऱ्या गल्लीला माहीत होतं.

वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. उलट लोक म्हणायला लागले, काय कान आहे या माणसाचा, टाळ जरा वर गेला की लगेच डोळ्यानं खूण करतो! हे गालात हसायचे. मी पडद्यामागं घामानं भिजून सुतळी धरलेली आणि वाहवा यांची. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू? पण परतताना बैलगाडीत हे हळूच विचारायचे, "आज टाळ कसे वाजले?" मग मी त्यांना सगळं सांगायची. कुणाचे टाळ चिरके होते, कुणाचे गोड, कुठल्या ओळीला कुणी चुकलं. घरी पोचेपर्यंत सांगत राहायची. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. इतकं मनापासून माझं बोलणं कुणी ऐकलं नाही पुन्हा.

मग ते जावळ आलं. ताडकळसच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या देशमुखांच्या नातवाचं. दुपारी जेवणं, जेवणानंतर भजन. भजनाला चुडाव्याच्या बाजूचे एक बुवा येणार होते. सत्तरी ओलांडलेले, स्वतः शेती कसणारे. आवाज मोठा नव्हता त्यांचा, पण शेवटच्या माणसालाही वाटायचं आपल्याशीच बोलायलेत. तबकडीत गायला आजवर तयार झाले नव्हते. देशमुखांनी गळ घातली तेव्हा कुठं हो म्हणाले, तेही एकदाच. यांनी त्यांचं गाणं लहानपणी ऐकलेलं. "कान होते तवा ऐकलेला आवाज हाय," मला म्हणाले. "तो एक नीट धरला की मग मशीन विकून टाकलं तरी चालंल."

दुसऱ्या मोठ्या लढाईमुळं कोऱ्या तबकड्या मिळत नव्हत्या. दोनच शिल्लक होत्या. मुंबईहून येताना त्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं उन्हाकडं धरून बघितल्या होत्या, यात काय लिहिलंय म्हणून. कोऱ्या आहेत म्हटल्यावर तर त्याला जास्तच संशय आला होता.

मांडवात यांनी नेहमीसारख्या खुणा केल्या, वाकळा टांगल्या. बुवांनी माईककडं बघून विचारलं, "याची भूक किती हाय बाबा?"

"तुमी रोज घरी म्हणता तेवढंच म्हणा," हे म्हणाले. "वाढायचं, कमी करायचं, ते माझ्याकडं."

पहिली तबकडी लोण्यासारखी उतरली. मी एकदा दोन हिसके दिले, एकदा एक, आणि मग शेवटपर्यंत सुतळी सैल धरून बसले. बुवा थांबले, पाणी प्यायले. आता त्यांचा तो अभंग राहिला होता, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. यांनी दुसरी तबकडी चढवली.

तेवढ्यात मोटारीचा आवाज आला. अव्वल तालुकदार साहेब दौऱ्यावर होते, म्हणजे आताचे कलेक्टर. देशमुखांनी त्यांना बोलावून ठेवलं होतं आणि येतील याची स्वतःलाच खात्री नव्हती. साहेब आले! झालं. सगळा मांडव उठून उभा. आदाब, मुजरे, पळापळ. आमच्याकडची रीतच अशी, मोठं माणूस आलं की त्याला मागं बसवायचं नाही, आणि त्यानं म्हटलं तरी बसू द्यायचं नाही. गालिचा आला, खुर्ची आली, अगदी पुढं ठेवली. खुर्चीला जागा करायला पेटीवाला सरकला. पेटीवाल्याला जागा करायला बुवाच दोन हात मागं सरकले, "या, या" म्हणत. आणि साहेबांचे चपराशी दारात उभे राहिले म्हणून दारातले दोन टाळकरी बिचारे पुढं येत येत माईकच्या कुशीत येऊन बसले. खडूच्या खुणा गालिच्याखाली गेल्या. हे "अहो, अहो" करत होते, पण साहेबांसमोर किती बोलणार? देशमुखांनी हात केला, सुरू करा. यांनी सुई टेकवली.

बुवांनी हळूच आळवायला सुरुवात केली. आणि टाळ! माझ्या कानात सुया घुसल्या. बुवा दूर, टाळ जवळ. मी तीन हिसके दिले. हे शांत. पुन्हा दिले. हे काट्याकडं बघायलेत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, साहेबांच्या खुर्चीचा पाय सुतळीवर आलाय. मी जोर लावला, तर सुतळी तुटून टोक माझ्याच हातात आलं.

आणि यांनी काय करावं? बुवा मागं गेल्यामुळं काटा खाली आला होता. टाळ तर यांच्या लेखी वाजतच नव्हते. म्हणून हे खुशाल बटण फिरवून आवाज वाढवायलेत! जितका वाढवतील तितके टाळच वाढायलेत, आणि तोंडावर समाधान असं की गाणं कसं झकास उतरायलंय. शेवटची तबकडी. बुवा पुन्हा गाणार नाहीत. संध्याकाळी सगळ्यांसमोर ती वाजणार आणि नुसता टाळांचा कलकलाट निघणार. मग कुणीतरी विचारणारच, याला ऐकू येत नव्हतं का?

ओरडावं तर माझाच आवाज तबकडीत जाणार. गप्प बसावं तर सगळं बुडणार. मी उठले.

शेजारची म्हातारी माझा पदर ओढायला लागली. "अगं ए, कुठं चाललीस? साहेब बसलेत!" मी पदर सोडवला, डोक्यावरून पुढं ओढला, आणि चिक वर करून पुरुषांच्या बैठकीत गेले. असं कधी कुणी केलं नव्हतं, मीही नाही. साहेबांच्या समोरून गेले. बुवा डोळे मिटून गात होते. मी माईकची दांडी दोन्ही हातांनी उचलली आणि नेऊन बुवांच्या तोंडापुढं दीड हातावर ठेवली. टाळकऱ्यांकडं बघून हातानं खूण केली, मागं. ते सटकलेच. मग यांच्याकडं बघितलं. हे नुसते आ वासून बघत होते. मी बोटानं दाखवलं, बटण खाली. यांनी घेतलं. आणखी. घेतलं. बस्स. मी तिथंच, मशीनपाशी, खाली मान घालून बसले आणि कुंचला हातात घेतला, कारण काळा दोरा साठत चालला होता.

गाणं संपलं. सुई उचलली. देशमुखांचा चेहरा लालबुंद झाला होता. साहेबांनीच यांना विचारलं, "ये कौन हैं?"

मी मनात म्हणाले, सांगा काहीतरी. डोकं फिरलंय म्हणा बाईचं. घरी गेल्यावर बघतो म्हणा. मी सोसलं असतं, खरंच सोसलं असतं. यांचं नाव अजून वाचवता येत होतं.

हे उठून उभे राहिले. बाहीतून तुटक्या सुतळीचं टोक लोंबत होतं. "हुजूर, मेरी घरवाली है," म्हणाले. "मेरेकू टाळ सुनने में नै आते. दो बरस हो गए. ये सुनती, मैं बटण घुमाता."

सगळ्या मांडवासमोर सांगितलं या माणसानं. साहेब इतकंच म्हणाले, "बजाओ, सुनेंगे." तबकडी वाजवली. सुरुवातीला टाळांचा कलकलाट, मग माईक ठेवल्याचा धप्प आवाज, आणि मग बुवा, अगदी कानाशी. बुवांनी ते ऐकलं, त्यांचे डोळे भरले. मला म्हणाले, "माय, तू आलीस म्हून मी उरलो."

देशमुखांनी पहिली तबकडी ठेवून घेतली. दुसरी नको म्हणाले. साहेबांनी वाहवा केली तरी नको. "बाईच्या बांगड्या वाजायलेत त्यात. पाव्हण्यारावळ्यांपुढं कशी लावू?" खरंच होतं. माईक ठेवून हात काढला तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्या अगदी त्याच्या तोंडाशी किणकिणल्या होत्या, बुवांच्या दोन ओळींच्या मधे. यांनी तबकडी फडक्यात गुंडाळली आणि आम्ही निघालो.

बातमी आमच्या आधी परभणीत पोचली. पेट्या यायच्या बंद झाल्या, महिनाभर दुकानात माशी हलली नाही. पुढं काही लोक आले, "ती बाई येणार असंल तर या" म्हणत. असं थोडं चाललं. मग गावोगाव गडबड सुरू झाली, माणसं एकत्र जमायचीच भीती झाली, पोलीस ॲक्शन झाली, आणि मशीन कोपऱ्यात गेलं ते गेलंच. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, ताडकळसहून आल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळची वेळ. मी भाकरी टाकत होते. हे तबकडी लावून बसले होते. असल्या तबकड्या नाजूक, दर वेळी वाजवलं की झिजतात, हे मला यांनीच शिकवलेलं. एकदा वाजवली. सुई उचलून परत मागं ठेवली. पुन्हा वाजवली. पुन्हा मागं. मी ओरडले, "झिजंल ना ती! बुवा परत यायचेत का गायला?"

"झिजू दे. इकडं ये जरा." मी गेले. "तुझ्या बांगड्या कुठं वाजायलेत ते सांग. आलं की माझ्या खांद्यावर हात ठिव."

बुवांची ओळ संपली, माईकचा धप्प आवाज आला, बांगड्या वाजल्या, मी हात ठेवला. हे तोंडाकडं बघत राहिले माझ्या. "आत्ता?"

"आत्ता."

सुई मागं घेतली. पुन्हा तेच. पुन्हा मी हात ठेवला. मान हलवली यांनी. "साऱ्या मांडवाला ऐकू आल्या," म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन वर्षं झाली, मला वाटायचं तू बांगड्या घालायच्या सोडल्यास. मागून येतीस, जवळ येतीस, काहीच वाजत न्हाई. बगावं म्हणलं तर बगवंना. बाईमाणसाला असं कसं इचारावं? कामून काढल्या असतील, मी इतका नकोसा झालो का, कानाचं कळल्यावरबी असंच यायचं मनात."

दोन वर्षं! भांडले या माणसाशी, हसले, सुतळी ओढली, बैलगाडीत टाळांचं रसभरीत वर्णन करत बसले, आणि हे हातभर अंतरावर बसून मनात हे घेऊन होते. रडू आलं आणि रागही आला. "येडे हाव का तुमी?" मी म्हणाले. तवा जळत होता, जळू दिला. मी खाली बसले, यांचा पंजा उघडला, माझ्या मनगटावर बांगड्यांच्या वरून घट्ट धरायला लावला, आणि हात जोरजोरात हलवला.

हे डोळे मिटून बसले होते.

"वाजल्या," म्हणाले.